जाळीपाशीची देवघेव

६ नोव्हेंबर

दादांना सप्रेम नमस्कार,

तुम्ही निवृत्त होऊन गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमचा शर्ट अंगात घातला. खोलीतल्या खुंटीवर राहिला होता, बाहीवर औषधाचा जांभळा डाग असलेला. मला वाटलं, तुमचा वास आला की बाईसाहेब जाळीपाशी येतील, निदान खाली तरी उतरतील.

त्या वरच्या फळीवर डोक्यावर पोतं ओढून बसल्या होत्या. मी झाडू खाली ठेवला आणि तुमच्यासारखी जीभ टाळ्याला लावून टक् टक् केली. पोत्याची कड वर झाली, एक डोळा दिसला. मग उतरल्या. ते उतरणं तुम्हाला ठाऊकच आहे, घाई असली तरी घाई दाखवायची नाही. जाळीतून बोट काढून त्यांनी कॉलर चाचपली आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. तसं मला आजवर फक्त सासऱ्यांनी पाहिलं होतं, मुलगी द्यायची की नाही ते ठरवताना. सासऱ्यांनी निदान चहा विचारला होता. यांनी चिमटीत धरून वरचं बटण उपटलं, खालच्या ओठावर ठेवलं आणि सरळ जाळीतल्या पत्र्याच्या झडपेकडे चालू लागल्या. देवघेव करायला! शर्ट तुमचा, बटण तुमचं, आणि केळं मात्र मी द्यायचं.

दिलं. काय करणार? तुम्हीच लावलेली रीत. आत पडलेली कुठलीही वस्तू, चष्मा असो, टोपी असो की कुणा पोराची चप्पल, झडपेशी आणून द्यायची आणि फळ घ्यायचं. गेल्या आठवड्यात एका बाईंची गवती टोपी आत पडली. बाईसाहेबांनी ती फाडून तिचे तुकडे केले आणि एकेक तुकडा वेगळा आणून दिला, प्रत्येकावर वेगळं फळ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बुवा, ओरांगउटान तुम्ही आहात की त्या?"

शर्टाला बटण पुन्हा लावलंय. आमच्या हिने धुऊन ठेवलाय. कधी आलात तर न्या.

आता दुसरी गोष्ट. ती मनात ठेवून पत्र पुढे सरकत नाही. साहेबांनी तुमच्या शेवटच्या दिवशी तुम्हाला विचारलं, दुसऱ्या एका प्राणिसंग्रहालयात आई मेलेलं ओरांगउटानचं पिल्लू आहे, ते आणून बाईसाहेबांच्या पदरात घालावं का. तुम्ही म्हणालात, "त्या बाईच्या वाट्याला एकदा आलंय तेवढं पुरे. पुन्हा मूल दाखवू नका तिला." मग साहेबांनी मला विचारलं. मी पक्ष्यांकडचा माणूस, तुमच्या जागी नुकताच नेमलेला, मला काय कळतं? पण विचारलं म्हणून जे वाटलं ते सांगितलं. द्यावं, म्हणालो. तुम्ही टोपी उचललीत आणि गेलात. निरोपाच्या चहालाही आला नाहीत. तुमचा पेला भरून ठेवला होता, तो शेवटी माळ्याने प्यायला.

मला आजही द्यावं असंच वाटतं. हे तोंडावर बोलायची हिंमत नव्हती, कागदावर होते.

बाईसाहेब खातात बऱ्यापैकी. तुमची वाट बघतात असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल की वाईट, ते कळत नाही. बघतात.

तुमचा,
बुवा

२९ नोव्हेंबर

दादा,

तुमच्या मुलीच्या अक्षरातलं पत्र मिळालं. बाईसाहेबांचा डावीकडचा दात कसा आहे, कोपऱ्यातला नळ अजून गळतो का, पोतं बदललं का, सगळं विचारलंत. पिल्लाबद्दल एक अक्षर नाही. दात बरा आहे. नळ गळतो. पोतं बदललं होतं, त्यांनी नवं फेकून दिलं आणि जुन्यासाठी रुसून बसल्या. जुनं दिलं.

आणि पिल्लू आलंय. विचारलं नाहीत तरी मी सांगणार.

मादी आहे. डोक्यावरचे केस असे उभे राहतात की पहिल्याच दिवशी माळी म्हणाला, "ही कुठली झिपरी आणली?" तेच नाव पडलं. वजन एखाद्या मांजराएवढं, डोळे मात्र म्हाताऱ्या माणसासारखे. तिला सतत कशाला तरी घट्ट धरून राहायला लागतं. आईच्या अंगाची सवय. म्हणून डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, केसाळ जाकीट करून अंगात घाला. आमच्या हिने जुन्या जाकिटावर लोकरीचे लांब लांब दोरे शिवून दिले. मी घालून आरशासमोर उभा राहिलो तर म्हणते कशी, "लग्नात एवढे नटला नव्हतात."

दादा, आता माझं सगळं झिपरीसकट चालतं. झाडतो तेव्हा ती छातीवर, जेवतो तेव्हा छातीवर. सकाळी कामाला लागण्याआधी मी देवाचं नाव घेतो, त्यावरून तुम्ही सगळ्यांनी मला बुवा केलंत. ते चाललेलं असताना ती माझ्या ओठांवर बोट ठेवते. ओठ हलतात आणि आवाज नाही, हे तिला पटत नाही.

आमची ही दुपारी डबा घेऊन येते. पूर्वी डबा ठेवून जायची. आता बसते. झिपरीला मांडीवर घेऊन बाटली पाजते आणि माझं जेवण झालं तरी उठत नाही. आमच्या घरात पाळणा हलला नाही हे तुम्ही जाणता. त्याविषयी मला काही लिहायचं नाही.

डॉक्टरीणबाई रोज बजावतात, "बुवा, लळा लावून घेऊ नका. ती तुमच्याकडे राहायला आलेली नाही." मी हो म्हणतो.

आता बाईसाहेबांचं. पहिले काही दिवस त्यांनी झिपरीकडे पाठ केली. मी तिला घेऊन जाळीशी बसलो की त्या भिंतीकडे तोंड करायच्या. बसतो तिथेच बसत राहिलो. एका दुपारी मागे न बघताच त्यांनी हात मागे आणला आणि जाळीतून एक बोट बाहेर काढलं. झिपरीने ते धरलं, हुंगलं आणि तोंडात घालून चोखायला लागली. बाईसाहेबांनी बोट काढलं नाही. तोंडही वळवलं नाही. बराच वेळ नुसतं ते बोट तेवढं आमच्यात होतं.

माझे वडील उठल्याबरोबर म्हणायचे, देवा, तुझं तुला परत द्यायची बुद्धी दे. शाळेपेक्षा तेच जास्त शिकलो. बाईसाहेब झडपेशी वस्तू आणून देतात तेव्हा मला वाटतं, आपल्याला जन्मभर जमत नाही ते यांना जमलंय. हे तुमचं काम आहे दादा. त्याबद्दल कधी बोललो नव्हतो.

बुवा

१८ डिसेंबर

दादा,

मंगळवारी बाईसाहेबांच्या आणि झिपरीच्या मधलं दार उघडलं. सगळे होते. साहेब, डॉक्टरीणबाई, माळी, आणि कोपऱ्यात आमची ही. मी जाकीट काढलं आणि झिपरीला दारातून आत सोडलं. ती गवतावर बसली आणि ओरडायला लागली. मला वाटलं बाईसाहेब वर जातील. त्या आल्या, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि तिला उचललं. अशी उचलली की जणू कालच खाली ठेवली होती. झिपरीने त्यांच्या दंडाचे केस धरले आणि गप्प झाली.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसला. साहेब माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "जिंकलात बुवा."

एवढ्यात बाईसाहेब निघाल्या. झिपरीला काखेत घेऊन सरळ झडपेकडे. तिथे बसल्या, तिला झडपेतून अलगद माझ्याकडे ढकललं आणि रिकामा तळहात पुढे केला.

साहेबांना हसू आलं. मग त्यांच्याही लक्षात आलं आणि ते थांबले.

त्यांच्या हिशेबी आत पडलेली ती एक वस्तू होती. माणसांची. परत द्यायची, फळ घ्यायचं. आणि दादा, माझी चूक अशी की मी ते दिलं. झिपरीला एका हाताने घेतलं आणि दुसरा हात सवयीने टोपलीत गेला.

"केळं का दिलंत?" डॉक्टरीणबाई ओरडल्याच.

"त्यांनी मागितलं."

"उद्या तुमचं डोकं मागतील!"

तेव्हापासून रोज हेच. सकाळी दार उघडायचं, बाईसाहेब तिला उचलतात, कुरवाळतात, तिच्या कानात बोट घालून बघतात, आणि मग झडपेशी आणून देतात. मी फळ द्यायचं बंद केलं. तरी देतात. फळ न घेता जातात आणि माझ्याकडे असं बघतात जणू मीच त्यांच्या तोंडचा घास काढलाय. झडपेतून बाहेर आलेलं पिल्लू आधी ताब्यात घ्यायचं, असा डॉक्टरीणबाईंचा नियम आहे. म्हणून मी हात पुढे करतो. नियम आहे म्हणून.

बाईसाहेबांचं स्वतःचं बाळ गेलं तेव्हा मी पक्ष्यांचं दाण्याचं पोतं घेऊन तिथून चाललो होतो. तुम्ही झडपेशी बसला होता. आदल्या दिवसापासून बसला होता म्हणे. त्या मेलेलं बाळ सोडत नव्हत्या आणि तुम्ही हळू आवाजात म्हणत होता, "दे गं बाई, दे." शेवटी त्यांनी दिलं. तुम्ही केळं दिलंत. त्यांनी ते हातात धरलं, खाल्लं नाही. मी पाहिलं आणि पुढे गेलो. पिल्लाला तुम्ही नको का म्हणालात ते मला साहेबांसमोरच कळलं होतं. तुम्ही दुसरं करणार तरी काय होता? मेलेलं मूल कुणाच्या हातात ठेवता येत नाही.

पण बाईसाहेब त्या दिवशी काय शिकल्या असतील, ते मला आता रोज दिसतं. मूलही परत द्यायचं असतं.

बुवा

९ जानेवारी

दादा,

तुमचं उत्तर नाही. ठीक आहे, मी लिहीत राहतो. तुमच्याशिवाय हे कुणाला सांगू? साहेबांना आकडे हवे असतात आणि घरी सांगायची सोय नाही, का ते पुढे येईलच.

झडप बंद ठेवून पाहिली. बाईसाहेब झिपरीला घेऊन तिच्यासमोर बसल्या आणि पत्र्यावर बुक्के मारत राहिल्या. मग झिपरीला तिथेच थंड फरशीवर ठेवलं आणि वर निघून गेल्या. झिपरी रडायला लागली, मला बघून दोन्ही हात पसरून. कुणीतरी झडप उघडली. कुणी ते विचारू नका.

डॉक्टरीणबाईंनी काल मला खोलीत बसवून दार लावलं.

"बुवा, या महिनाअखेरपर्यंत बघणार. मग तिला दूरच्या केंद्रात पाठवायचं, माणसांच्या हाताखाली. तिथे सांभाळतील चांगलं. पण तिला ओरांगउटान म्हणून जगायला कोण शिकवणार? मी?"

"आणि मी झिपरीला परत घेतलं नाही आणि बाईसाहेब तिला खालीच ठेवून गेल्या, तर?"

"तर थंडी बाधेल. किंवा त्या चिडून ढकलतील. धोका आहे. खोटं कशाला सांगू?" मग म्हणाल्या, "झडपेशी तुम्ही असता. त्या तुमच्याकडे आणून देतात, माझ्याकडे नाही. मी नियम केला, तो हवा तर आज मोडते. पण हात तुमचा आहे."

घरी येऊन मी हे जेवताना सांगितलं. ताट उचलताना आमची ही म्हणाली, "एक विचारू? रागावणार नसाल तर."

"विचार."

"त्या परत देतात म्हणून तुम्ही घेता, की तुम्ही घेता म्हणून त्या परत देतात?"

मी म्हणालो, "नियम होता."

"नियम! दारातून येताना तोंड बघते मी तुमचं. ज्या दिवशी बाईसाहेबांनी लवकर परत दिली, त्या दिवशी शीळ घालत येता."

मला राग आला. भांडी घासायला मीच बसलो, म्हणजे बोलायला नको. ती मागून येऊन म्हणाली, "मी पण तशीच हो. मी काय वेगळी? डबा घेऊन येते तेव्हा देवाला सांगते, आज पण परत दिलेली असू दे. मग म्हणते, कसलं मागणं मागतेस भवाने." आणि ती हसली. म्हणजे हसल्यासारखं केलं.

दादा, मी त्यानंतर वडिलांच्या त्या वाक्यावर खूप विचार केला. तुझं तुला परत देण्याची बुद्धी दे. चांगलंच वाक्य आहे. पण देवाने एखाद्याच्या पदरात काही टाकलं आणि तो ते टाकल्याटाकल्या उचलून परत द्यायला निघाला, तर देवाने घ्यावं का? मला वाटतं देव हात मागे घेत असेल. म्हणत असेल, अरे, राहू दे जरा. तुझ्यासाठीच आहे. वडील असते तर त्यांना विचारलं असतं. ते रागावले नसते.

हे सगळं कळतं. सकाळी झडपेशी तिचे दोन हात पुढे आले की कळलेलं कुठे जातं कोण जाणे.

बुवा

२२ जानेवारी

दादा,

झिपरी बाईसाहेबांकडे आहे. हे आधी लिहितो, म्हणजे तुम्ही श्वास सोडाल आणि पुढचं सावकाश वाचाल. रात्री त्यांच्याजवळ झोपते. दुधाची बाटली आम्ही जाळीतून देतो. बाईसाहेब तिला धरून आणतात, संपेपर्यंत थांबतात, आणि घेऊन जातात. कालपासून तर बाटलीचं निपल आधी स्वतः चाखून बघतात. डॉक्टरीणबाई म्हणतात, सासू आहे, सासू. साहेबांनी दूरच्या केंद्राला नको म्हणून कळवलंय.

आता कसं झालं ते.

शनिवारी सकाळी मी जाकीट घरीच ठेवलं. आमची ही दारात उभी होती. डबा आज नको, म्हणालो. तिने मान हलवली आणि माझ्या सदऱ्याची कॉलर उगीचच सरळ केली.

डॉक्टरीणबाई मागे, मला दिसणार नाहीत अशा उभ्या राहिल्या. त्यांना मी एवढंच सांगितलं होतं की झडप उघडी ठेवणार. त्यांना पटलं नाही. "उघडी ठेवलीत तर त्या देणारच." मी म्हणालो, देऊ देत. बंद पत्र्यावर त्या बुक्के मारतात, कारण त्यांना वाटतं पत्रा आडवा आलाय. घेणारा नको म्हणतोय हे त्यांना दिसलं पाहिजे. आणि नको म्हणायचं तर ते मीच म्हणायला हवं. दुसऱ्या कुणाचं त्या ऐकणार नाहीत.

दार उघडलं. त्यांनी झिपरीला उचललं, नेहमीसारखं कुरवाळलं, कानात बोट घातलं. मग आल्या. बसल्या. झिपरीला झडपेत धरलं. तिने मला पाहिलं आणि ती ओरडली, तो आनंदाचा बारीक आवाज, तुम्ही अजून ऐकलेला नाही. दोन्ही हात पुढे.

मी हात पाठीमागे बांधले.

बाईसाहेबांनी तिला थोडं आणखी पुढे सरकवलं. मी हललो नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग टोपलीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. टोपली रिकामी होती, मुद्दाम. झिपरी आता रडायला लागली होती. मागे डॉक्टरीणबाई पुटपुटल्या, "बुवा..."

मी म्हणालो, "बाईसाहेब, मी घेणार नाही. ही तुमची."

त्यांना शब्द कळले असं मी म्हणत नाही. त्यांनी झडपेतून तो लांब हात बाहेर काढला, माझ्या दंडाला धरून माझा उजवा हात पाठीमागून पुढे ओढला. त्यांच्या ताकदीपुढे आपलं काय चालणार? पण ओढला तो अगदी हळू, लहान मुलाला रस्ता ओलांडायला धरावं तसा. माझा तळहात उलगडला आणि झिपरीचा हात त्यावर ठेवला. तिने माझं बोट घट्ट धरलं.

दादा, इथे मी किती वेळ तसाच होतो ते मला सांगता येणार नाही. तोंडात देवाचं नाव होतं आणि मागत मात्र काहीच नव्हतो. काय मागायचं तेच ठरत नव्हतं.

मग मी डाव्या हाताने झिपरीची बोटं सोडवली. एकेक. सोडवलं की पुन्हा धरायची. तिचा हात धरून मी झडपेतून आत नेला, बाईसाहेबांच्या छातीवरच्या लांब केसांत ठेवला आणि वरून दाबून धरला, तिची मूठ वळेपर्यंत. दुसरा हातही तसाच. बाईसाहेब माझ्या हाताकडे बघत होत्या. वस्तू परत दिली तर घेणारा ती पुन्हा आपल्याच अंगाला लावतो, असं त्यांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. त्यांनी ओठ पुढे काढले, झिपरीच्या डोक्याला लावले, आणि तिच्या पाठीखाली हात घेतला. पूर्ण हात. आजवर काखेत धरायच्या.

झिपरी अजून माझ्याकडेच बघून रडत होती. मी आपला हात बाहेर काढला, झडप खाली ओढली आणि कडी घातली.

तुमचा,
बुवा